इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग: गॅरेजवर रोज विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला अंबडमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. पूर्वी सेल्फ, डायनामो, वायरिंग, हॉर्न एवढंच काम यायचं, आता आठवड्याला दोन-तीन गाड्या तरी येतातच "स्टिअरिंग जड झालंय हो" म्हणत, आणि प्रत्येकाला चहा होईपर्यंत तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग म्हणजे गाडी मोटरच वळवते का? मग मी काय करतो?

वळवता तुम्हीच, मोटर फक्त हातभार लावते. लग्नात जड पातेलं उचलताना एका बाजूने तुम्ही धरलंय आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी गपचूप हात लावला तसं. तुमच्या हातातल्या चाकापासून पुढच्या टायरपर्यंत सळई, जॉइंट, दातेरी पट्टी असं सगळं लोखंडाचंच कनेक्शन असतं, ते जुन्या फियाटला होतं तसंच आजही बहुतेक गाड्यांत आहे. त्याच रस्त्यात मध्ये कुठेतरी एक मोटर बसवलेली असते, ती तुम्ही जिकडे फिरवताय तिकडे जोर लावते. यालाच शॉर्टमध्ये ईपीएस म्हणतात, पुढे मी तेच लिहीन.

जुन्या पॉवर स्टिअरिंगपेक्षा यात वेगळं काय?

जुन्यात ऑइल होतं. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरायचा, तो ऑइलला प्रेशर द्यायचा आणि ते प्रेशर रॅकला, म्हणजे त्या दातेरी पट्टीला, ढकलायचं. १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने इंपीरियल गाडीत असं स्टिअरिंग पहिल्यांदा विकायला काढलं आणि नंतर कितीतरी वर्षं तेच चाललं. चांगलं होतं, हाताला रस्ता कळायचा. पण पंप इंजिनवर असल्यामुळे तुम्ही इथून घोटीपर्यंत नाकासमोर सरळ चाललाय तरी तो फिरतच राहणार आणि पेट्रोल खातच राहणार, वर पाइप लीक, सील गेलं, बेल्ट ओरडतोय ही दुखणी वेगळीच.

ईपीएसची मोटर तुम्ही फिरवाल तेव्हाच करंट ओढते, सरळ रस्त्यावर जवळपास गप्प बसून असते. १९८८ ला जपानमध्ये सुझुकीने सर्वो नावाच्या छोट्या गाडीत ती आणली. छोट्या गाडीतच आधी का आली तर छोट्या इंजिनला पंपाचं ओझं जास्त जाणवतं, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोठी गाडी वळवण्याएवढी मोटर चालवणं तेव्हा सोपं नव्हतं.

ऑइल कुठे टाकायचं मग? बॉनेट उघडलं, डबीच दिसत नाही.

नाहीये. शोधू नका. एका काकांनी ब्रेक ऑइलच्या डबीत पॉवर ऑइल ओतलं होतं, तिचं झाकण पण तसंच दिसतं म्हणून. ब्रेकचे सगळे रबर फुगले आणि मास्टर सिलिंडरपासून सगळं बदलावं लागलं. काही गाड्यांत मधला प्रकार असतो, ऑइल असतं पण पंप बेल्टऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर फिरतो, त्यांना डबी असते. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडलेलं असतं.

मोटरला कसं कळतं की मी कुठे आणि किती फिरवतोय?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबेल.

दुकानात टेबलवर एक खोललेला कॉलम, म्हणजे हातातल्या चाकाखालचा सळईचा सगळा भाग, ठेवलाय, कोणी विचारलं की दाखवतो. स्टिअरिंगची सळई एका ठिकाणी अखंड नसते, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा वेगळे आणि दोघांच्या मध्ये पेन्सिलीएवढी बारीक स्टीलची काडी. तिला टॉर्शन बार म्हणतात. ही काडी पिळली जाते. तुम्ही वरून फिरवता, खाली टायर डांबराला चिकटून बसलेला असतो, तो लगेच वळत नाही, मग मधली काडी पीळ खाते. पीळ किती, तर दोन-चार अंश, डोळ्याला दिसणार पण नाही. पण वरच्या आणि खालच्या तुकड्यात हा जो फरक पडतो तो तिथे बसवलेला सेन्सर मोजतो. जास्त पीळ म्हणजे माणूस जास्त जोर लावतोय, डाव्या बाजूला पीळ म्हणजे डावीकडे जायचंय, एवढं साधं आहे. टॉवेल पिळताना हाताला जसं कळतं की आता घट्ट झाला, तेच काम इथे सेन्सर करतो.

हा सिग्नल जातो ईसीयूकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या स्वतःच्या छोट्या कॉम्प्युटरकडे. त्याला गाडीचा स्पीड पण कळत असतो. दोन्ही बघून तो ठरवतो की मोटरला किती करंट सोडायचा, आणि हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं म्हणून तुम्हाला सलग वाटतं. मोटर आजकाल बहुतेक ब्रशलेस असते, म्हणजे कार्बन घासायची भानगड नाही. ती वेगात फिरते पण तिचा जोर कमी, म्हणून पुढे वर्म गिअर लावतात. स्टीलचा स्क्रूसारखा दांडा आणि त्याला लागून मोठं दातेरी चाक, त्याने स्पीड कमी होऊन जोर वाढतो. गंमत म्हणजे त्या मोठ्या चाकाचे दात बऱ्याच वेळा प्लास्टिकचे असतात, नायलॉनचे. लोकांना दाखवलं की म्हणतात काय हो एवढी महागाची गाडी आणि आत प्लास्टिक, पण ते मुद्दाम असतं, आवाज कमी येतो आणि स्टीलवर स्टील घासत नाही.

मोटर जोर लावते, टायर वळतो, काडीचा पीळ सुटतो, पीळ सुटला की करंट कमी. तुम्ही हात थांबवला की मोटर पण थांबली.

सेन्सरमध्ये एकच सिग्नल नसतो, कमीत कमी दोन असतात आणि ईसीयू दोन्ही ताडून बघत राहतो. दोघांचं जमलं नाही की तो सरळ मदत बंद करतो आणि दिवा लावतो. चुकीच्या दिशेला जोर लावण्यापेक्षा अजिबात न लावलेला बरा, हा त्यामागचा विचार. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सेफ्टीसाठी आयएसओ २६२६२ म्हणून स्टँडर्ड आहे २०११ पासून, त्यातली सगळ्यात कडक लेव्हल एएसआयएल डी, स्टिअरिंग तिच्यात धरतात. सातपूरला कंपनीत क्वालिटीला असलेली पोरं गाडी घेऊन आली की हाच विषय काढून अर्धा तास बसतात.

गाडी पळायला लागली की स्टिअरिंग जड होतं, बिघाड आहे का?

नाही हो, तसंच पाहिजे. शालिमारला बोळात गाडी लावताना टायर जागेवर घासत वळतो, तिथे सगळ्यात जास्त जोर लागतो म्हणून मोटर पण भरपूर मदत करते. तेच आडगावच्या पुढे हायवेला १०० ला चाललाय आणि स्टिअरिंग बोटाने फिरण्याएवढं हलकं राहिलं तर शिंक आली तरी लेन बदलेल. म्हणून स्पीड वाढेल तशी मदत कमी.

उलट झालं तर मात्र दाखवा, म्हणजे हायवेला हलकं आणि पार्किंगमध्ये जड. तिथे ईसीयूला स्पीडचा सिग्नल नीट मिळत नसेल. स्पीड कळला नाही की बऱ्याच गाड्यांत ईसीयू मधलीच काहीतरी सेटिंग धरून बसतो, स्पीडोमीटरचा काटा पण नाचत असेल तर जवळपास पक्कं समजा.

मोटर चालू गाडीत बंद पडली तर स्टिअरिंग लॉक होईल का?

लॉक होणार नाही. जड होईल. एकदम जड, मारुती ८०० च्या काळातल्यापेक्षा जड, कारण आता टायर रुंद आहेत आणि गाडीचं वजन वाढलंय, वर बंद मोटर पण तुम्हालाच फिरवायची असते. पण लोखंडाचं कनेक्शन तसंच असतं, दोन्ही हातांनी जोर लावला की गाडी वळते. घाबरून एकदम ब्रेक मारू नका, स्पीड असेपर्यंत वळवायला सोपं जातं, हळूहळू डावीकडे घ्या. थांबल्यावर इंजिन बंद करून मिनिटभराने परत चालू केलं की पुष्कळ वेळा मदत परत येते, पण ती आली म्हणून तसंच पुढे दोनशे किलोमीटर जाऊ नका.

वणीच्या घाटातून उतरताना मी गाडी बंद करतो, पेट्रोल वाचतं. चालतं ना?

दादा, नका करू. हात जोडतो.

सप्तशृंगीगड उतरताना, कसाऱ्याला उतरताना जुने ड्रायव्हर असं करायचे, ती सवय अजून काहींना आहे. इंजिन बंद केलं की बहुतेक गाड्यांत ईपीएसची मदत जाते. ब्रेक हलका करणारा बूस्टर पण इंजिनच्या व्हॅक्यूमवर असतो, दोन-तीन वेळा दाबला की ब्रेक पण दगड. आणि चुकून चावी पूर्ण मागे फिरून निघाली की स्टिअरिंगला चोरी होऊ नये म्हणून असलेलं लॉक पडतं, ते मात्र खरंच लॉक असतं, वळणावर वळणार नाही म्हणजे नाहीच. आजच्या फ्यूल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच इंधन तोडतं, म्हणजे गिअरमध्ये उतरला तर तसंही पेट्रोल जात नाही. मग एवढा जीव धोक्यात घालून वाचवताय काय?

स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागलाय, शेजारी उद्गारचिन्ह आहे. कॉलम बदलायला सांगितलाय. खरंच बदलावा लागेल?

इथे जरा थांबा. कॉलमचे पैसे मोजायच्या आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग बघा. माझ्याकडे जेवढ्या गाड्या ही तक्रार घेऊन येतात त्यातल्या बऱ्याचशा इथेच सुटतात, आणि हे पान लिहायला बसलो ते पण यासाठीच.

सिन्नरचे एक सर आहेत, शाळेवर आहेत, सात वर्षांची हॅचबॅक. सकाळी गाडी चालू केली की दिवा, गल्लीतून काढताना स्टिअरिंग दगड, आणि दहा मिनिटं चालवली की सगळं ठीक. एका ठिकाणी दाखवली तर स्कॅनर लावून सांगितलं कॉलम असेंब्ली गेली, ३८ हजार होतील. सर दोन दिवस झोपले नाहीत म्हणाले. माझ्याकडे आले तेव्हा मी स्कॅनर काढलाच नाही आधी, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट हिरवी पावडर, खोबऱ्याच्या किसासारखी. तिथून जी काळी वायर बॉडीला जाते तिचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली लपलेला असतो, तो पूर्ण गंजलेला.

व्होल्ट मोजायचा मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक टोक बॉडीच्या स्वच्छ लोखंडावर, इंजिन चालू, आणि सरांना म्हटलं जागेवर स्टिअरिंग फिरवा. मीटर तिथे जवळपास शून्य दाखवायला पाहिजे, पॉइंट दोन पर्यंत मी सोडून देतो. दाखवला १.४ व्होल्ट. म्हणजे मोटरपर्यंत जायचे व्होल्ट त्या गंजक्या बोल्टातच सांडत होते. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, टर्मिनल गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं, बॅटरी पण म्हातारी होती ती बदलली, ईसीयूत साठलेला बिघाडाचा कोड डिलीट केला. बॅटरीचे पैसे सोडून माझी मजुरी ४०० रुपये. आता वर्ष झालं, दिवा परत नाही.

सरांनी एक चांगला प्रश्न विचारला होता, की अर्थिंग खराब होतं तर हेडलाइट कशी नीट लागत होती? तर हेडलाइटचा बल्ब ५५ वॉटचा, १२ व्होल्टवर साडेचार-पाच अँपियर घेतो, एवढा करंट गंजातून पण कसाबसा निघून जातो. ईपीएसची मोटर पार्किंगमध्ये दोन-तीन सेकंदांसाठी ५० अँपियरच्या आसपास ओढते, मोठ्या गाडीत अजून जास्त. ५० अँपियर म्हणजे ६०० वॉट, तुमच्या घरातल्या मिक्सरएवढे, आणि ते पण १२ व्होल्टवर. बोळ तोच, पण सायकल निघते, ट्रक अडकतो.

सकाळीच का व्हायचं? रात्रभर बॅटरी उतरलेली, सेल्फने अजून ओढलेली, डायनामो चार्ज करेपर्यंत व्होल्ट कमी. ईसीयूला नऊ-दहा व्होल्टच्या खाली मिळालं की तो मदत कमी करतो नाहीतर बंदच करतो.

घरी बघायचं असेल तर साधा मीटर पुरे. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ दिसले तर अर्धी उतरलीय. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. याच्यात गडबड असेल तर आधी ते. मग ईपीएसचा मोठा फ्यूज, मग कनेक्टर. हे सगळं ठीक निघालं तर मग कॉलमकडे बघू. कॉलम कधी जातच नाही असं माझं म्हणणं नाही, जातो, सेन्सर जातो, ईसीयू जळतो. पण पहिला संशय त्याच्यावर नको.

स्कॅनरने कोड दाखवला ना पण, टॉर्क सेन्सर म्हणून?

कोड सांगतो की ईसीयूला कुठे विचित्र वाटलं. का वाटलं ते सांगत नाही. व्होल्ट कमी पडले की सेन्सरचे दोन सिग्नल पण गडबडतात आणि बिचाऱ्या सेन्सरचं नाव येतं. कोड लिहून घ्यायचा, डिलीट करायचा, बॅटरी-अर्थिंग नीट करायचं, गाडी चालवायची, मग परत तोच आला तर सेन्सर.

जंप स्टार्ट केल्यावर, बॅटरी बदलल्यावर दिवा लागला, बिघडवली का कोणी?

बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की स्टिअरिंगच्या अँगलचा सेन्सर आपला मधला पॉइंट विसरतो. इंजिन चालू करा, एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, परत मध्ये, आणि थोडं सरळ चालवा. दिवा जातो. नाही गेला तर स्कॅनरने झिरो सेट करावं लागेल.

पूर्ण वळवून धरून ठेवू नका म्हणतात. का?

तिथे मोटर फिरू शकत नाही पण करंट घेत राहते, आणि न फिरणारी मोटर म्हणजे हीटर. यू टर्नसाठी दोन सेकंद धरलं तर काही नाही. पण गंगापूर रोडला कार्यालयाच्या बाहेर तिथीच्या दिवशी पार्किंगसाठी मागे-पुढे, मागे-पुढे दहा मिनिटं चाललंय, प्रत्येक वेळी लॉकपर्यंत, म्हणजे स्टिअरिंग वळून अडेपर्यंत, उन्हात, तर मोटर तापते आणि ईसीयू स्वतःला वाचवायला मदत कमी करतो. लोक म्हणतात गेलं. गेलं नाही, गरम झालंय, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. लॉकपर्यंत गेला की हात अगदी बोटभर मागे सोडायची सवय लावा. आणि गाडी तसूभर सरकत असताना स्टिअरिंग फिरवा, उभ्या गाडीत फिरवल्याने टायर पण घासतो.

खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगमधून टक-टक येतं.

चार-पाच ठिकाणांहून येऊ शकतं म्हणून अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवी हलवलं तरी टक येतं आणि आवाज पायाजवळून, डॅशबोर्डच्या खालून आहे, तर कॉलममधलं. काही गाड्यांत मोटर आणि वर्मच्या मध्ये रबराचं छोटं चांदणीसारखं कपलिंग असतं, ते झिजून तुकडे होतं. पार्ट शे-पाचशेचा, पण कॉलम उतरवावा लागतो म्हणून मजुरी जास्त. ते काम करताना एअरबॅग असते, बॅटरी काढून थोडं थांबायचं आणि मगच हात लावायचा, घरी यूट्यूब बघून प्रयोग नको.

आवाज चाकाकडून आहे तर बहुतेक ईपीएसचा संबंधच नाही, टाय रॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, लिंक रॉड. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांची कृपा असतेच.

मी स्वतः पण एकदा फसलोय, सांगतो. एका गाडीचं स्टिअरिंग वळवल्यावर परत मध्ये येत नव्हतं, मी ईपीएसच समजून दोन दिवस वायरिंग उसवत बसलो. शेवटी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून हाताने वळवली तर एका बाजूला खर्र-खर्र. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम. दोन दिवसांची मजुरी अर्थातच घेतली नाही.

गाडी डावीकडे ओढते, ईपीएसमुळे का?

आधी टायरची हवा. मग अलाइनमेंट. मग दोन्ही पुढचे टायर एकमेकांत बदलून बघा. एवढ्यावर दहातल्या नऊ गाड्या सरळ होतात. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग वाकडं ठेवून चाकं सरळ केली असतील तर मात्र घोळ होतो, चाकं सरळ आणि स्टिअरिंग पाच-सहा अंश तिरकं, अँगल सेन्सरला वाटतं साहेब वळतायत. मग स्टॅबिलिटीचा दिवा पण लागू शकतो. तिथे परत नीट अलाइनमेंट आणि सेन्सर झिरो.

हवा कमी असली तरी ईपीएस जास्त जोर लावून ते झाकून टाकतं हे पण लक्षात ठेवा. पूर्वी हाताला कळायचं, आता कळत नाही. दर पंधरा दिवसांनी हवा बघा.

मोटर कुठे बसवलेली असते?

तीन जागा. छोट्या गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली, कॉलमवरच. थोड्या मोठ्यांत खाली रॅकच्या पिनियनपाशी, म्हणजे रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापाशी. जड एसयूव्हीत थेट रॅकवर, कारण तिथे जोर जास्त लागतो आणि तो बारीक सळई-जॉइंटमधून न्यायचा नसतो, रॅकवर बेल्ट आणि बॉल स्क्रूने ढकलतात. जागा माहीत असली की पुढचा प्रश्न सोपा जातो.

गाडी पुराच्या पाण्यात होती. स्टिअरिंगचं काय?

गोदाघाटावर गाडी लावून दर्शनाला गेले आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दर पावसाळ्यात कोणीतरी सापडतंच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी दिसलं तरी आपल्या लोकांना वाटतं अजून वेळ आहे.

गाडी चालू करू नका, हे पहिलं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, टोइंगने न्या. कॉलमवर मोटर असलेली गाडी असेल आणि पाणी सीटच्या खालीच राहिलं असेल तर ईपीएस बहुतेक वाचलेलं असतं, कारण मोटर आणि ईसीयू वर आहेत. पाणी डॅशबोर्डला लागलं असेल तर कनेक्टर उघडून वाळवून बघितल्याशिवाय करंट देऊ नका. रॅकवर मोटर असलेल्यांचं उलटं, ती खालीच असते, सीलबंद असते हे खरं, पण रॅकच्या दोन्ही टोकांना जे घड्यांचं रबर असतं, बूट म्हणतात, ते जर आधीच फाटलेलं असेल तर पाणी आणि गाळ आत जातो. लगेच काही होत नाही. चार-सहा महिन्यांनी गंज चढतो, स्टिअरिंग मध्येच अडकल्यासारखं वाटतं आणि तोपर्यंत इन्शुरन्सचा क्लेम बंद झालेला असतो. म्हणून पुराच्या गाडीचे बूट लगेच बघून घ्या आणि क्लेममध्ये लिहायला लावा.

बूट पूर नसला तरी सर्व्हिसिंगला बघायला सांगा, बघायला दोन मिनिटं लागतात, कोणी बघत नाही.

जुन्या बाजारातून सेकंड हँड कॉलम आणला तर?

बसतो. चालेलच असं नाही. तोच मॉडेल, तेच व्हेरियंट, शक्यतो तोच पार्ट नंबर पाहिजे, कारण डिझेल गाडीचं नाक जड आणि पेट्रोलचं हलकं, ईसीयूतली सेटिंग वेगळी असते. काही गाड्यांत कोडिंग पण करावं लागतं. आणि ॲक्सिडेंटमधल्या गाडीचा कॉलम असेल तर तो वाकलाय का ते डोळ्याने कळत नाही, कारण टक्कर झाली की कॉलम आत दबावा अशीच त्याची रचना असते, ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून. एकदा दबलेला परत वापरायचा नसतो. मी आणलेला पार्ट बसवून देतो, पण कुठून आणला ते विचारतो.

रुंद टायर आणि मोठे अलॉय टाकले, स्टिअरिंगला त्रास होईल?

कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला दिलेल्या साइजपर्यंत जा. त्याच्या पुढे मोटरला रोज जास्त ओढावं लागतं. दिसायला भारी दिसते, मान्य.

जुन्या गाडीला ईपीएस बसवून मिळेल का?

किट मिळतात, काम पण होतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसी बुकात असलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला मनाई आहे, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच दाखवेल. मी करत नाही.

ईव्हीला पण हेच असतं का?

हेच. इंजिनच नाही तर पंप कशावर फिरवणार? आणि एवढी मोठी बॅटरी असून ईव्हीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, बऱ्याच गाड्यांत ईपीएस तिच्यावरच चालतं. ती उतरली की मोठी बॅटरी फुल असून पण गाडी उभी. मागच्या महिन्यात एक ताई आल्या, चार्जिंग ८० टक्के दाखवतंय आणि स्टिअरिंग जड, तर छोट्या बॅटरीचं टर्मिनलच ढिलं.

नवीन गाडी लेनच्या बाहेर गेली की स्टिअरिंग आपोआप हलतं, भुताटकी आहे का?

तीच मोटर. कॅमेऱ्याने पट्टा बघितला, ईसीयूला सांगितलं, त्याने हलकासा जोर लावला. ऑटो पार्किंग पण तसंच. ऑइलच्या स्टिअरिंगमध्ये हे एवढं सहज जमलं नसतं. आता तर मधली सळईच काढून टाकलेल्या गाड्या आल्यात, सगळं वायरवर. २०१३ ला इन्फिनिटी क्यू५० मध्ये असं आलं तेव्हा फेल झालं तर जोडायला क्लचसकट सळई ठेवली होती, आणि टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये, जी २०२३ च्या शेवटी लोकांना मिळायला लागली, ती सळई पण नाही.

आणि आपल्याकडे रविवार कारंजाला लेनचा पट्टाच शोधावा लागतो, तिथे ते फीचर गप्पच बसतं.

फील नाही हो या स्टिअरिंगला, जुन्या गाडीत मजा यायची.

खरंय. मोटर आणि वर्म मध्ये आल्यामुळे रस्त्याची थरथर गाळून येते. आता कंपन्यांनी पुष्कळ सुधारलंय, तरी माझी स्वतःची जुनी ऑइलवाली गाडी मी अजून विकलेली नाही. पाइप लीक आहे तिचा, दर महिन्याला ऑइल टाकतो.

गाडी आणायच्या आधी काही बघून ठेवू का?

हो, उपकार होतील. कधी जड होतं ते लिहून आणा, सकाळी पहिल्यांदा की तापल्यावर, पावसात की रोज, दोन्हीकडे की एकाच बाजूला, एसी आणि हेडलाइट चालू असताना जास्त होतं का. दिवा कुठल्या रंगाचा आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, कारण दुकानात आल्यावर तो कधीच लागत नाही. बॅटरी कधी बदलली त्याचं कार्ड सापडलं तर ते. आणि येताना बॉनेट धुऊन आणू नका, प्रेशरचं पाणी मारून सगळे कनेक्टर ओले करून आणतात लोक, मग नवीनच आजार सुरू होतो. धूळ असू द्या, मी पुसून घेईन.